कौल उजवा पडला होता

बाई, नमस्कार. मी फोंडा तालुक्यातला. वय २३, इंजिनिअरिंग झालंय, सध्या वेर्ण्याला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा बाबांनी कुलदेवतेच्या देवळात कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. लग्न झालं. चौदा महिन्यांत ताई कपड्यांची एक बॅग घेऊन परत आली. तिकडे काय सोसलं ते तिने फक्त आईला सांगितलं. बाबा म्हणतात, देवाचा कौल बरोबरच होता, आपणच प्रश्न नीट विचारला नाही. त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास उडाला. मग वाचायला लागलो. देव आहे म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद वाचले, नाही म्हणणाऱ्यांचे वाचले, रात्र रात्र व्हिडिओ बघितले. जो शेवटचा ऐकतो तो पटतो. यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पूजेला मी बसायचं असं घरात ठरलंय. मला ते ढोंग वाटतं. काका म्हणतात, 'बसलास म्हणून तुझं काय जातं?' नको म्हटलं तर रडारड होईल. तुम्ही तर्कशास्त्र शिकवायचात. एकदाच ठाम सांगा, देव आहे की नाही? म्हणजे मला काय करायचं ते कळेल.

– एक वाचक

तुझ्या वयाचे माझे दोन भाचे आहेत, म्हणून सरळ अरेतुरे करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यातल्या 'म्हणजे'ला ठेच लागली. देव आहे की नाही ते एकदा ठरलं की पाटावर बसायचं की नाही ते आपोआप ठरेल, असं तू धरून चाललायस. ते का ठरत नाही हे सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल. आधी कौलाकडे जाऊ.

कौल मी लहानपणापासून बघत आलेय. भटमाम, म्हणजे पुजारी, मूर्तीवर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या बसवतात, गाऱ्हाणं घातलं जातं, आणि मग देवळातली सगळी माणसं श्वास धरून एका पाकळीकडे बघत राहतात. आमच्याकडे तेवढ्या वेळापुरता पंखा बंद करायचे. पाणी सुकतं, पाकळीची पकड सुटते, ती घरंगळते. पाणी सुकतं म्हणून पाकळी पडते हे बाबांना माहीत नाही असं समजू नकोस. पंखा बंद करायला लावणाऱ्या माणसाला वारा काय करतो ते पक्कं ठाऊक असतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की ते सुकणंही कुणाच्या तरी हातात आहे.

आता 'प्रश्न नीट विचारला नाही' हे उत्तर. उजवा पडला आणि चांगलं झालं, तर देवाने सांगितलं. उजवा पडला आणि वाईट झालं, तर आपला प्रश्न चुकला. अशा हिशेबात कौल कधी चुकूच शकत नाही, आणि जे कधी चुकूच शकत नाही त्यातून काही कळतही नाही. अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५० मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. रानातल्या एका मोकळ्या जागेत फुलं फुललेली दिसतात. एक वाटसरू म्हणतो, इथे माळी येत असणार. दुसरा म्हणतो, छे. दोघे पहारा करतात, कोणी येत नाही. 'माळी अदृश्य असेल.' तारेचं कुंपण घालून वीज सोडतात, कुत्रे फिरवतात. कोणी ओरडत नाही, कुत्रे भुंकत नाहीत. 'त्याला वीज लागत नाही, त्याला वास नसतो.' शेवटी दुसरा वैतागून विचारतो, अरे बाबा, तुझ्या या माळ्यात आणि माळी नसण्यात आता फरक काय उरला? (हेच फ्लू २००४ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, जगामागे कसली तरी बुद्धी असावी असं म्हणू लागले. दोन्ही बाजूंच्या लोकांना ते अजून पचलेलं नाही.)

म्हणजे बाबांच्या उत्तरावरचा तुझा राग तर्काला धरून आहे. पण मग तुझी उत्तरपत्रिकाही मला तपासू दे. 'देव असता तर कौल खरा ठरला असता. कौल खरा ठरला नाही. म्हणून देव नाही.' यातलं पहिलं वाक्य तू कुठून आणलंस? बाबांकडूनच. ते वाक्य चुकीचं असेल तर पडतो तो कौल. देव जिथल्या तिथे राहतो, असला तर असतो, नसला तर नसतो. उलटं करून बघ. ताईचा संसार सुखाचा झाला असता तर तू 'देव सिद्ध झाला' म्हणून वहीत लिहून ठेवलं असतंस का? नसतंस. मग विस्कटला म्हणून 'असिद्ध' तरी कसं लिहितोस?

आता तुझे ते रात्रीचे व्हिडिओ. देव आहे म्हणणाऱ्यांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात घरगुती युक्तिवाद तुमच्या घरात दर चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेला असतो. माटोळी. चौकटीला असोले नारळ, सुपारीचे घड, तोरिंगणं, चिबूड, आंबाडे, रानातून आणलेली कांगणं, एकेक दोरीने आवळून. गोव्याबाहेरचा कुणी पाहुणा आला तर पहिल्यांदा विचारेल, काय सुरेख बांधलीय, कुणी बांधली? 'कुणी नाही, आपोआप झाली' म्हटलंस तर हसेल. मग तोच प्रश्न पुढे ने. ही फळं ज्या रानातून आली ते रान कुणी बांधलं? आपल्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, अनुमान हेच: पृथ्वी, अंकुर वगैरे सगळं कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे, जसा घटाला कुंभार. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी याची सगळ्यात पक्की बांधणी केली. इंग्लंडात विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये माळावर सापडलेल्या घड्याळाचा दाखला दिला तो याच जातीचा. तुझे व्हिडिओवाले पेलीपासूनच सुरुवात करत असणार.

उदयनाचार्यांच्याही आधी, सातव्या शतकात, धर्मकीर्ती नावाच्या बौद्ध पंडिताने या युक्तिवादाला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. मातीला आकार दिसला की मागे कुंभार आहेच, असं म्हणायचं असेल तर वारूळही कुंभारानेच घडवलं म्हणा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग एकदम सातेरी देवी आठवली. आपल्याकडच्या सातेरीच्या जुन्या देवळांत आत जाऊन बघ. कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नसते, रोयण असते. वाळवीने कणाकणाने लिंपलेलं वारूळ, वर साडी नेसवलेली, हळदकुंकू, फुलं. धर्मकीर्तीने देवाचा पुरावा मोडायला जी वस्तू पुढे केली, नेमक्या त्याच वस्तूपुढे आपल्या आज्या हात जोडून उभ्या राहिल्या. 'ही कुणी घडवली' असं त्यांनी कधी विचारलं नाही. वाळवी दिसत होती की त्यांना.

नैयायिक अर्थात गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, वारूळ, अंकुर यांनाच तर कर्ता आहे की नाही याचा वाद चाललाय. वादातली वस्तूच आमच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून कशी उभी करता? वर्गात मी इथे नेहमी थांबायचे, कारण हा बिनतोड डाव आहे. पण तो दुसरीकडे महागात पडतो. आपण पाहिलेला प्रत्येक कर्ता, कुंभार काय की माटोळी बांधणारा तुझा काका काय, हातपाय असलेला असतो. दाखला त्याचा द्यायचा आणि निष्कर्ष काढायचा तो बिनशरीराच्या कर्त्याचा, हे समोरच्याने का ऐकून घ्यावं? शिवाय नकाशा हातात नसताना रचना कशी उभी राहते ते १८५९ नंतर, डार्विनमुळे, आपल्याला बरंच समजलंय. अर्थात डार्विनलाही त्याच्या खात्याबाहेरचं विचारू नये. वाळवी अशी का, हे तो सांगेल. मुळात काही नसण्याऐवजी काहीतरी आहेच का, हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही. तो अजून तसाच पडून आहे आणि मला तरी अधूनमधून रात्री जागं ठेवतो.

आणि समज, अनुमान टिकलं. तर सिद्ध कोण झाला? उदयनाचार्यांचा ईश्वर नित्य परमाणू जुळवून जग रचतो, तेही शून्यातून काढत नाही. नेवऱ्या-मोदकांचा नैवेद्य घेणाऱ्या, दीड दिवस तुमच्या घरी राहणाऱ्या गणपतीपर्यंत यायला तिथून अजून बरीच पायपीट आहे.

बाकीचे युक्तिवाद भराभर. अकराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित आन्सेल्म म्हणाले, ज्याहून मोठं कल्पिताच येत नाही असं काही आपल्या मनात आहे; ते फक्त मनातच असेल तर प्रत्यक्षात असणारं त्याहून मोठं ठरेल; म्हणून ते प्रत्यक्षात असलंच पाहिजे. ऐकताना खिसा कापला गेल्यासारखं वाटतं, पण हात कुठून आला ते सापडत नाही. त्याच काळातल्या गॉनिलो यांनी तो हात पकडला: याच रीतीने मी समुद्रातलं सर्वांत परिपूर्ण बेट सिद्ध करून दाखवतो, येता का राहायला? मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणेल, सिद्ध कशाला करता, फेरीत बसा. थट्टा सोड, पण गॉनिलो कोण होते? ख्रिस्ती मठातले साधू. देव मानणारा माणूस, आणि देवाचा भुसभुशीत पुरावा स्वतःच्या हाताने पाडणारा. विसाव्या शतकात विश्वाच्या प्रसरणाचं गणित मांडणारे लमेत्र हे कॅथलिक पाद्री. १९५१ मध्ये खुद्द पोपनी त्या सिद्धांतात निर्मितीची खूण पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत धर्माच्या खुंटीला टांगू नये असं त्यांचं मत. ही माणसं मी मुद्दाम सांगतेय. देव मानणं वेगळं आणि देवाचा प्रत्येक पुरावा मानणं वेगळं.

काकांचं 'तुझं काय जातं' हे मूळचं फ्रेंच गणिती पास्कलचं, सतराव्या शतकातलं. देव असला तर अपार लाभ, नसला तर नुकसान किरकोळ, मग लाव की पैज. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवरही पहिला डाव असाच समजावून देत असतील. अडचण अशी की टेबलं अनेक आहेत, प्रत्येक टेबलावर देव वेगळा, आणि काही देवांना दुसऱ्या टेबलावर बसलेलं खपत नाही. काकांना हे सांगू नकोस, वाढेल.

आता तुझा खरा मुद्दा. ताईने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

ज्या शहरातून त्या काळी आपल्या तिसवाडी, बारदेस, साष्टीचा कारभार चालायचा (तुझा फोंडा अजून त्यांच्या हाती गेला नव्हता), त्या लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी भूकंप झाला. दिवस सर्व संतांच्या सणाचा. लोक चर्चमध्ये होते, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. आधी छपरं कोसळली, मग समुद्र शहरात घुसला, मग आग लागली. हजारो माणसं गेली, त्यांतली कितीतरी प्रार्थना करता करता. फ्रेंच लेखक व्हॉल्तेर यांनी या संहारावर कविता लिहून विचारलं, की 'जे होतं ते एकंदरीत भल्यासाठीच' हे तुमचं तत्त्वज्ञान आता कुणाला ऐकवता? त्यावर विचारवंत रूसो यांनी १७५६ मध्ये त्यांना पत्र लिहिलं. त्यातला एक मुद्दा मला तुझ्यासाठी हवा आहे: सहा-सात मजल्यांची घरं एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती.

ताईला जे भोगावं लागलं ते भूकंपासारखं आलं नाही. ते एका घरातल्या माणसांनी केलं. त्यांना नाव आहे, पत्ता आहे. देवावर खटला भरायच्या आधी आरोपींच्या यादीत ती माणसं घातलीस का? माणसाला स्वातंत्र्य दिलं म्हणून तो दुष्टपणाही करू शकतो, हे आस्तिकांचं उत्तर इथवर पोचतं. त्यापुढे पोचत नाही. जन्मतःच आजारी बाळ कुणाच्या स्वातंत्र्याची किंमत मोजतं? आपल्याकडे त्यावर कर्म सांगतात. ब्रह्मसूत्रांत तर सूत्रच आहे, की ईश्वरावर पक्षपाताचा किंवा निर्दयपणाचा दोष येत नाही, कारण तो जीवांच्या कर्मानुसार देतो. पोथीत हे सूत्र चपखल बसतं. पण ते ताईच्या तोंडावर म्हणून बघ. चवथीला येणाऱ्या बायकांपैकी एखादी म्हणेलही, 'नशिबात असतं गं एकेकीच्या.' तेव्हा तिला चहा आणायच्या निमित्ताने उठवायचं काम तुझं. जगातल्या दुःखाचा युक्तिवाद मला सगळ्यांत जड वाटतो आणि आस्तिकांनी दिलेलं एकही उत्तर मला पुरतं पटलेलं नाही. हे मी दर सोमवारी देवळात जाणारी बाई म्हणून सांगतेय. शंका मी बाहेर चपलांबरोबर ठेवून जात नाही, आत नेते. आजवर कुणी अडवलं नाही.

तर ठाम उत्तर काय? दोन्हीकडचा एकही पुरावा असा नाही की जो मान्य केला नाही तर माणूस मूर्ख किंवा अप्रामाणिक ठरावा. तुला जो शेवटचा ऐकतो तो पटतो, यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. तराजू खरंच हलता आहे.

आणि आता ते 'म्हणजे'. धर्मकीर्तीच्याच शतकात कुमारिल भट्ट होऊन गेले. मीमांसक. वैदिक कर्मकांडाचा याहून कडवा वकील आपल्या देशात झाला नसेल. यज्ञ कसा करायचा, का करायचा, त्यातला शब्द न् शब्द कसा लावायचा, यात त्यांनी आयुष्य घातलं. आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र त्यांनी साफ नाकारला. त्यांचा प्रश्न: तो दयेपोटी जग करायला निघाला म्हणता, पण तेव्हा दया करायला होतं कोण? म्हणजे 'ईश्वर नाही, तर पूजा ढोंग' हा तुझा हिशेब तुझ्याच परंपरेत सर्वमान्य नव्हता. ही पळवाट म्हणून वापरू नकोस हं. त्यांचा वेदांवर विश्वास होता, तुझा कशावर आहे ते तुलाच माहीत.

पाटावर बसल्यावर तुला प्रत्यक्ष काय म्हणावं लागेल तेही बघून ठेव. पळीतलं पाणी सोडताना संकल्पात 'करिष्ये' येतं. मी करीन. 'मी मानतो' असं त्यात कुठे नाही. पण त्याच संकल्पात 'प्रीत्यर्थं'ही आहे, देवाला आवडावं म्हणून. तिथे तुझी जीभ अडखळली तर ती खरीच अडखळेल, आणि भटमाम पुढे गेले तरी तुझ्या लक्षात राहील. ते तुला चालणार आहे का? चालणार असेल तर बस. नसेल तर चवथीच्या सकाळी सोवळं हातात घेऊन वाद काढू नकोस, आजच बाबांपाशी जा. धर्मकीर्तीला बरोबर नेऊ नकोस. 'बाबा, मी सगळी तयारी करतो, बाजार करतो, माटोळी बांधतो, आरतीला उभा राहतो, पण मनात नसताना संकल्प सोडायला मला जड जातंय' एवढंच बोल. चुलतभाऊ बसेल, काका बसतील. आजकाल खुर्ची-टेबलावर चौरंग मांडून पूजा करणारे यजमानही मी पाहिलेत, गुडघे सगळ्यांचेच गेलेत.

बाबांच्या त्या वाक्याबद्दल आणखी एक. 'आपण प्रश्न नीट विचारला नाही.' तू ते देवाची वकिली म्हणून ऐकलंस. मी पुन्हा वाचलं तेव्हा मला त्यात दुसरंच ऐकू आलं. मुलीला त्या घरी पाठवणारा बाप दोष कुणावर टाकायचा ते शोधत होता, आणि त्याने तो स्वतःवर घेतला. तर्कशास्त्रात याला गुण मिळणार नाहीत. पण पुढच्या वेळी ते हे बोलले की लगेच फ्लूची गोष्ट सुरू करू नकोस.

तुझ्या पत्रात देव आहे, बाबा आहेत, काका आहेत, आई आहे. ताई एकदाच येते, बॅग घेऊन, आणि मग कुठे दिसत नाही. स्थळ तिला पसंत होतं का, हे पत्रात नाही. कौल लावला तेव्हा ती देवळात होती का, तेही नाही. यंदाची चवथ घरात कशी व्हावी, आल्यागेल्यासमोर बाहेर बसायचं की आत, आणि कुणी सांगावं, पाटावर तिलाच बसावंसं वाटलं तर? भटमामांना काय वाटायचं ते वाटो. मला विचारायला तू पानभर पत्र लिहिलंस, ती तर भिंतीपलीकडच्या खोलीत आहे. माटोळीचा बाजार आदल्या दिवशी भरतो. पहाटे निघालास तर तिला विचार येतेस का. उशीर केलात तर कांगणं संपतात.